वीणाच्या आवाजासाठी

"पडू दे व्होल्टेज, आणखी पडू दे!" धनंजय आठल्ये मीटरवर डोळे रोवून म्हणाला. मे महिन्यातली लखनौची संध्याकाळ. इंदिरा नगरात घरोघरी कूलर सुरू झाले होते आणि विजेचा दाब दोनशेच्या खाली घसरला होता. सगळी कॉलनी विजेच्या नावाने खडे फोडत होती. धनंजय एकटाच खूश होता. थोड्याच वेळात त्याची बायको वीणा पहिल्यांदा रेडिओवरून थेट गाणार होती, आणि ते गाणं त्याला स्वतः बांधलेल्या, जुन्या काचेच्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर ऐकायचं होतं.

अँप्लिफायर तयार होऊन वर्ष झालं होतं. पण त्यात एक घूंऽऽ होती. व्हॉल्व्हला आतून तापवणारी वीज जरा डगमगली की ती स्पीकरमधून बाहेर येई. ही वीज स्थिर ठेवायला बाजारातल्या तयार रेग्युलेटरला गरजेपेक्षा दोन-अडीच व्होल्ट जास्तीचे लागत. संध्याकाळी दाब पडला की तो हातपाय गाळी. म्हणून धनंजयने स्वतःचा रेग्युलेटर बनवला होता, जास्तीच्या अर्ध्याच व्होल्टवर भागवून घेणारा. दाब जितका पडेल तितकी आज त्याची खरी परीक्षा होणार होती. "हे सगळं तुझ्या आवाजासाठी," असं तो वीणाला सांगे.

ती घूं नीट ऐकू यावी म्हणून घरात पंखा बंद, फ्रिज बंद आणि वीणाचा रियाजही बंद. ती बिचारी तानपुरा घेऊन गच्चीवर जाई. हा अख्खा महिना ती लूच्या गरम वाऱ्यात आणि धुळीच्या वावटळीत गायली. आज तर ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. शेवटची मोजमापं चालू असल्यामुळे धनंजयला ते फार समंजसपणाचं वाटलं.

सोबतीला त्याचा मित्र लक्ष्मीकांत होता. हवाई दलात रडार सांभाळलेला, कानाचा पक्का, असं तो स्वतःच सांगे. दोघे स्पीकरला चिकटून बसले. निवेदक काहीतरी बोलू लागला. निवेदक बोलतच असतात. नेमका तेव्हाच मीटरचा काटा आणखी खाली आला.

"गेला यार, आता रेग्युलेटरचा ताबा सुटणार!" लक्ष्मीकांत ओरडला.

"नाही सुटणार," धनंजय म्हणाला.

नाही सुटला. काटा थरथरला, पण व्हॉल्व्हपर्यंत ती थरथर पोचलीच नाही. दोघांनी कडकडून हात मिळवले. स्पीकरमधून ठुमरी सुरू झाली होती. दोघांनी डोळे मिटले आणि सुरांच्या मधल्या जागा ऐकू लागले.

"वहिनी दम घ्यायला थांबतात ना, तिथे बघ," लक्ष्मीकांत कुजबुजला. "काय शांतता आहे!"

धनंजयचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. वर्षभराच्या कष्टांचं चीज झालं होतं.

वीणा रिक्षाने परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते. धनंजयने दारातच तिचे हात धरले. "वीणा, काय गायलीस! जशी काही समोर बसून गातेयस! तुझा खरा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला."

वीणा त्याच्याकडे बघतच राहिली. तिने तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. तिने गळ्याला हात लावून मान हलवली.

"बघ, गहिवरली," धनंजय लक्ष्मीकांतला म्हणाला.

आता मात्र वीणाला रडू कोसळलं. तारांच्या पसाऱ्यात एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर ती मटकन बसली. हे आनंदाचं रडणं नाही, एवढं लक्ष्मीकांतलाही कळलं आणि तो उगाच मीटरची बटणं चाळवू लागला.

तेवढ्यात दार ढकलून शेजारच्या शुक्ला भाभी आत आल्या. हातात ज्येष्ठमधाच्या काढ्याचा वाफाळता पेला.

"लो वीणा, गरम-गरम पी लो," त्या म्हणाल्या. "रेडियो पे सुना तो जी धक से रह गया, कि तुम्हारा गला बैठ गया है, तुम्हारी जगह किसी और का पुराना टेप बजेगा." मग त्या कौतुकाने धनंजयकडे वळल्या. "हमारे ट्रांजिस्टर पे तो खरखर के मारे आधी बात समझ में नहीं आती. आपने तो एकदम साफ सुना होगा न, भाई साहब?"