हरणाचा मागचा पाय

हरीण दिसलंच नाही. महेंद्रने फ्लॉपी घातली, गेम सुरू केला, पडद्यावर ज्वारीचं रान उमटलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत "खेळ संपला" अशी पाटी आली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा पुसला. "लाव परत."

महेंद्रने परत लावलं. परत तेच. दाराशी उभे असलेले लॅबचे शिपाई सहादेवमामा म्हणाले, "हरीण हुतं का बंदुकीची गोळी?"

"सर, काल लॅबमध्ये नीट पळत होतं," काशिफ म्हणाला. "शप्पथ सर."

"काल नीट पळत होतं, हे सकाळपासून पाचव्यांदा ऐकतोय मी."

काल ते लॅबमधल्या जुन्या मशीनवर पळत होतं. आजची तोंडी परीक्षा विभागप्रमुखांच्या खोलीत होती आणि तिथला कॉम्प्युटर पंधरा दिवसांपूर्वीच आलेला. त्याचं खोकंसुद्धा अजून कपाटावर होतं.

परीक्षकांनी यादीवर बोट ठेवलं. "शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, नावं तीन. तिसरी तू का? जयमाला. यात तुझं काम काय?"

"चित्रं सर," महेंद्र घाईने म्हणाला. "आणि उडीचा सगळा प्रोग्रॅम. ती वहीत लिहून देते, आम्ही टाइप करतो."

"का? तिला बोटं नाहीत?"

दिवसभर लॅबमध्ये खालच्या वर्गांची प्रॅक्टिकल्स चालत. शेवटच्या वर्षाची पाळी संध्याकाळी सहानंतर यायची आणि मुलींच्या होस्टेलचं फाटक बरोबर सहाला लागायचं. म्हणून जयमाला आपल्या खोलीत आलेखाच्या वहीत, एकेक चौकोन शिसपेन्सिलीने भरून हरीण काढायची. एका उडीची चार चित्रं. प्रोग्रॅमही तिथेच लिहायची, कागदावर ज्वारीचा दाणा एकेक ओळ खाली सरकवत तपासायची आणि सकाळी वही महेंद्रच्या हातात द्यायची. दुसऱ्या दिवशी तो सांगायचा, चाललं. नाहीतर सांगायचा, अडकलं. तिने काढलेलं हरीण पळताना तिने स्वतः एकदाही पाहिलं नव्हतं.

"वहीतलं राहू दे वहीत," परीक्षक म्हणाले. "माझ्यासमोर काहीतरी करून दाखव. नाहीतर या दोघांना मार्क देतो, तू डिसेंबरला परत ये."

पुण्याच्या कंपनीने तिला जुलैच्या एक तारखेला बोलावलं होतं, पास झाल्याचा कागद घेऊन.

जयमालाने वही उघडली. दोन पानं मागे गेली. मग महेंद्रला विचारलं, "मध्ये थांबायला वीस हजारच घातलेत ना?"

"व्हय. तुझ्याच वहीतले."

ती परीक्षकांकडे वळली. "सर, एक चित्र दाखवलं की जरा थांबायला पाहिजे. म्हणून मशीनला वीस हजारांपर्यंत नुसते आकडे मोजायला लावलेत. जुनं मशीन मोजत बसतं, तेवढ्यात हरीण दिसतं. हे नवं लई पटकन मोजतंय."

"मग आकडा वाढव."

"उद्या याहून नवं मशीन आलं की परत हरीण गायब. मोजायलाच लावायचं नाही सर. आतलं घड्याळ बघायला लावायचं. ते जुन्यात आणि नव्यात सारखंच चालतं."

परीक्षक उठले आणि त्यांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

ती एका बोटाने टाइप करू लागली. खालच्या वर्गात असतानाही एका मशीनवर चौघं बसायची आणि कीबोर्ड मुलांच्याच हातात असायचा; आता तिला प्रत्येक अक्षर हुडकावं लागत होतं. कंस काही सापडेना, तेव्हा काशिफ हळूच म्हणाला, "शिफ्ट धरून नऊ."

"तिला सांगू नकोस."

"बटण सांगतोय सर. अक्कल तिचीच आहे."

सहादेवमामांनी चहा आणला. परीक्षकांचा चहा पिऊन झाला, तरी तिच्या चार ओळी झाल्या नव्हत्या. झाल्या तेव्हा तिने त्यांच्यावरून एकदा बोट फिरवलं, दाणा फिरवावा तसं, आणि कळ दाबली.

ज्वारीचं रान उमटलं. डाव्या कडेने काळवीट आलं. पाय टाकत, मान वर धरून ते काटेरी कुंपणापाशी पोचलं. जयमाला नुसती बघतच राहिली. शेवटी महेंद्रने मागून हात घालून उडीचं बटण दाबलं. चारही पाय उचलून काळवीट कुंपणावरून पलीकडे गेलं आणि चालू लागलं.

"आता दिसलं," सहादेवमामा म्हणाले. "आमच्या कर्जतच्या माळावरचंच हाय."

परीक्षकांनी कागदावर तिन्ही नावांपुढे आकडे लिहिले. "ठीक आहे. पुढच्या ग्रुपला पाठवा."

काशिफने फ्लॉपीचं पाकीट उचललं. जयमाला खुर्चीवरून उठली नाही.

"अगं चल, झालं आपलं," महेंद्र म्हणाला.

"तिसऱ्या चित्रात मागचा डावा पाय खाली राहिलाय. एक चौकोन."

"चार महिने बघतोय आम्ही. कुठं राहिलाय?"

"थांब, परत लावते."

"सर जा म्हणालेत."

"बघू दे रे," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "मी कुठं पाहिलंय अजून."

पुढच्या ग्रुपमधली मुलं दारात आली होती. परीक्षकांनी जयमालाकडे पाहिलं, मग दाराकडे. "दोन मिनिटं बाहेर थांबा," ते म्हणाले.

सहादेवमामांनी दार ओढून घेतलं. काळविटाने पुन्हा उडी मारली. तीन पाय पोटाशी होते. चौथा, एक चौकोन खाली, लोंबत होता.