खताच्या पिशवीतली घोंगडी

आमचा महिला गट कळसूबाईचा डोंगर चढायला निघाला, तेव्हा निलंग्याच्या स्टँडवर आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, माझ्या धाकट्या जावेला, अश्विनीला, खताच्या पिशवीत गुंडाळलेली लोकरीची घोंगडी दिली आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. माझा नि आत्याबाईंचा महिनाभर अबोला होता, पण म्हणून सगळ्या महिला गटासमोर असं? थोरल्या सुनेकडं त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

अर्ध्या डोंगरात पावसानं गाठलं. सुती ड्रेस अंगाला चिकटला आणि वारं हाडांत शिरायलं. अश्विनी घडीघडी मागं वळून विचारायची, "ताई, थंडी वाजायली का?"

"न्हाई."

'हाव' म्हणाले असते, तर तिनं माझ्यासमोर घोंगडी पांघरून मिरवली असती. स्वतः चिंब भिजली, पण पिशवी काही उघडेना. लई जपायली सासूची भेट! मी दात आवळून चालत राहिले.

शेवटच्या चढाला माझी बोटं अशी आखडली की बाटलीचं झाकण फिरेना. मी खडकावरच बसले. अश्विनीनं पिशवी टराटरा फाडली आणि कोरडी घोंगडी माझ्याभोवती लपेटली.

"मला नको," मी कापत म्हणाले. "तुझ्या सासूनं तुला दिलीय."



"तुमचीच हाय, ताई. आत्याबाई म्हणल्या, मी दिली तर थोरली घ्यायची न्हाई. थंडी वाजायली म्हणली, की तू दे."