तळ्याचा रंग

डोळे अधू झालेल्यांनाही मोबाइलवर सहज वाचता यावेत असे नकाशे करणं हे थोरलीचं काम, आणि तिची सगळ्यात खडूस परीक्षक म्हणजे घरातली आई. नवा नकाशा समोर आला की आई चष्मा नाकावर सरकवून खुसपटं काढायला बसायची. "ही अक्षरं आहेत की मुंग्या?" म्हणाली, थोरलीने अक्षरं मोठी केली. "रस्ते काय उंदरांनी खाल्ले?" म्हणाली, रस्ते जाड केले. आईला दिसलं म्हणजे जगाला दिसलं, असं आता ऑफिसातही सगळे म्हणायला लागले होते.

आज मात्र आईचं बोट गावाबाहेरच्या तळ्यावर जाऊन थांबलं, ते तिथून हलेचना.

"हा निळा फार गडद झालाय. फिका कर."

"अगं, गडद आहे म्हणून तर वरचं पांढरं नाव उठून दिसतंय. फिका केला तर तुलाच वाचता येणार नाही."

"नाही तर नाही."

"आई, हट्ट नको ना करूस. साहेब मला फाडून खातील. बघणाऱ्याची सोय आधी बघावी लागते."

आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. बोट तळ्यावरच होतं.

"बघणाऱ्यांचं राहू दे गं," ती म्हणाली. "होडी उलटली तेव्हापासून तुझा भाऊ आत आहे. आणि दिवा मालवलेला त्याला चालत नाही, तुला ठाऊक आहे ना?"