झीज

सकाळी फोन आला तेव्हा नाण्यांचा पारखी दुकान उघडून टेबल पुसत होता. पलीकडून, दरवर्षी एकच नाणं दाखवायला येणाऱ्या म्हातारीची मुलगी बोलत होती.

“काका, आज आईला घेऊन येतेय. तुम्ही एवढंच सांगा, की नाणं झिजायचं थांबलंय.”

“जे दिसेल ते सांगेन.”

“ती त्या घरात एकटी राहते. माझ्याकडे चल म्हटलं की म्हणते, नाणं झिजतंय तोवर तुझा भाऊ कुठेतरी आहे. तुमच्या एका शब्दावर सगळं अडलंय, काका.”

त्याने फोन ठेवला. जुन्या नाण्यांची प्रत ठरवण्यात त्याचा जन्म गेला होता. भल्याभल्यांनी गळ घातली, पण त्याने कधी कुणासाठी प्रत वर केली नव्हती की खाली.

मायलेकी दुपारी आल्या. जिना चढून म्हातारीला धाप लागली होती. खुर्चीत टेकल्या टेकल्या तिने पर्स उघडली आणि रुमालात गुंडाळलेली पारदर्शक डबी टेबलावर ठेवली. डबीत चांदीचं नाणं होतं. त्यावर राजाचा चेहरा.

नाणं तिच्या मुलाचं. ते कायम त्याच्या खिशात असायचं आणि त्याचा अंगठा कायम त्या चेहऱ्यावर फिरत असायचा. एका सकाळी तो कामासाठी परगावी निघाला, नाणं खिडकीत विसरला, आणि जिथे पोचायचं होतं तिथे पोचलाच नाही. तेव्हा म्हातारी ते घेऊन इथे आली होती. “हे आहे तसंच राहू दे, भाऊ,” ती म्हणाली होती. “त्याच्या अंगठ्याने झिजलंय तेवढं पुरे. आणखी कुणाचा हात नको लागायला.” पारख्याने नाणं कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून दिलं होतं आणि वर चिठ्ठी चिकटवली होती. प्रत : उत्तम.

वर्षाने ती परत आली. “बघा बरं, कमी झाल्यासारखं वाटतंय.” त्याने भिंग लावलं. राजाच्या कानावरचे केस पुसट झाले होते. कुणीतरी डबी उघडली असणार, असं त्याला वाटलं. पण सांध्यावर साधा ओरखडाही नव्हता. त्याने नवी डबी घेतली आणि सांध्यावर स्वतःचं सील लावलं. पुढच्या वर्षी सील जसंच्या तसं होतं आणि अर्धा कान गेला होता. उत्तमचं चांगलं झालं, चांगल्याचं बरं. पारख्याने हे बाहेर कुणाला सांगितलं नाही. सांगून करणार काय? लोक म्हणाले असते, याची नजर गेली, नाहीतर डोकं फिरलं.

आज त्याने दिवा जवळ ओढला. डबी तिरकी धरली. गालाचं हाड पाहिलं, हनुवटी पाहिली, कानाचा उरलासुरला काठ पाहिला. मग संगणकावर गेल्या वर्षीचा फोटो उघडला, आत्ता नवा घेतला आणि दोन्ही शेजारी शेजारी लावले. पुन्हा भिंग डोळ्याला लावलं.

केसाइतकाही फरक नव्हता.

खरं तर त्याला हायसं वाटायला हवं होतं. बंद डबीतलं नाणं असंच राहतं, असंच राहायला हवं. पण झालं उलटंच. शेजारच्या खोलीत एखादं यंत्र वर्षानुवर्षं घरघरत असावं आणि अचानक बंद पडावं, तसं वाटलं.

“किती गेलं, भाऊ?”

मुलगी आईच्या खुर्चीमागे उभी होती. ती त्याच्याकडे एकटक पाहत होती.

‘थोडं गेलंय, मावशी.’ एवढं म्हटलं की झालं. शब्द अगदी ओठांवर आले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला खोटं बोलावंसं वाटत होतं, आणि तेही मुलीला हवं होतं त्याच्या नेमकं उलट. त्याने भिंग खाली ठेवलं.

“काहीच गेलं नाही, मावशी. गेल्या वर्षी होतं तसंच आहे. थांबलंय.”

म्हातारी हलली नाही. त्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर तरतरी आली. तिने डबी रुमालात गुंडाळली आणि खुर्चीच्या हाताला न धरता उठली.

“चला, निघू या.”

ती दाराकडे वळली तशी मुलगी टेबलावर वाकली. “उपकार झाले, काका,” ती कुजबुजली. “खोटं बोलणं तुम्हाला जड गेलं असेल.”

“मी खोटं बोललो नाही.”

ती हसली. मग तिची नजर पडद्यावरच्या दोन तंतोतंत सारख्या फोटोंकडे गेली. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

“अगं, चल ना,” म्हातारी दारातून म्हणाली. “प्रवासात असला की त्याचा अंगठा थांबायचा नाही. घरी पोचला की मगच थांबायचा.” ती पर्स चाचपत होती. “निघताना कुलूप तू लावलंस ना? किल्ली तुझ्याकडेच आहे?”

“हो. माझ्याकडे आहे.”

“मग तो दारातच उभा असेल.”

मुलीने पारख्याकडे पाहिलं. त्याने काहीतरी बोलावं, म्हणून ती थांबली.

जिन्यावर दोघींची पावलं वाजली. तो उठून दारापर्यंत गेला. किल्ली मुठीत घट्ट धरून मुलगी भराभर पायऱ्या उतरत होती, आणि म्हातारी तिच्या मागे राहिली होती.