मरणोत्तर

वहिनींच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. 'भाऊजी, इतक्या वर्षांनी युद्धकैद्यांना पदक देतायत, त्यात ह्यांचंही नाव आहे. पण पुढे मरणोत्तर लिहिलंय. पदक घ्यायचं, तर कुंकू पुसावं लागेल. कैदेत तुम्ही सोबत होता. घेऊ का?'

माझंही पदक आलं होतं. मी ते डबीतच ठेवलं.

"एवढी पुस्तकं वाचता, आणि दोन ओळी सुचत नाहीत?" बायको म्हणाली.

छावणीच्या कुंपणाशी वहिनींच्या नवऱ्याला मीच पुरलं होतं. सुटून आलो, तेव्हा त्यांचं कपाळ बघून माझ्याच्यानं बोलवलं नाही. आता चार कागद लिहिले. सगळेच पुस्तकी वाटले, फाडले.

शेवटी कार्डावर 'वहिनी, घ्या' एवढंच लिहिलं आणि टपालपेटीत टाकलं.