आहे तसा फोटो

"इसमें चेहरा एकदम गोरा आता मॅडम," दुकानदार म्हणाला, आणि प्रियदर्शिनीने तो कॅमेरा उचलला होता तिथेच परत ठेवला.

"वैसा नक्को. जैसा है वैसा दिखना."

दुकानदाराने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या वडिलांकडे. दिलसुखनगरच्या त्या दुकानात असले छोटे डिजिटल कॅमेरे घ्यायला हल्ली कॉलेजची पोरंपोरीच यायची, फोनच्या फोटोंना कंटाळलेली. टोपी घातलेले हणमंतराव आणि तिशीला टेकलेली त्यांची लेक, हे गिऱ्हाईक त्याला नवीनच होतं.

"फोन झूठ बोलता भाई," हणमंतरावांनी खुलासा केला. "इसके वास्ते आये."

प्रियदर्शिनीला दोन स्थळं पाहून गेली होती आणि दोन्हीकडून एकच निरोप आला होता: मुलगी फोटोतल्यासारखी नाही. नुसता नकार तिने पचवला असता. कोचिंग सेंटरात केमिस्ट्री शिकवून ती स्वतःच्या पायावर उभी होती. पण दुसऱ्या वेळी मुलाच्या आत्याने तिच्यादेखत फोन काढला आणि एकदा त्यात, एकदा तिच्या तोंडाकडे असं ताडून पाहिलं, जणू खोटी नोट उजेडात धरली होती. त्या दिवशी ती खूप रडली. आता कुणापुढे बसणार नाही, म्हणाली.

तेव्हा वडीलच, तिचे अप्पा, तिच्या बाजूने उभे राहिले. "तुझी काय चूक, माय? हे आजकालचे फोन आपोआप रंगरंगोटी करतात. आपण खरा कॅमेरा आणू." तिची आई, कुसुमताई, जरा पावडरीचं बोलायला गेल्या, तर त्यांच्यावर खेकसले, "काही नको. माझी लेक आहे तशी सोनं आहे!"

घरात हे वाक्य तिला आजवर कुणीच ऐकवलं नव्हतं. त्या एका वाक्यावर ती पुन्हा तयार झाली.

दुकानदाराने दुसरा कॅमेरा पुढे केला. तळहातात मावणारा, रंग खरे दाखवणारा. फोटो काढला की तिथल्या तिथे फोनवर पाठवता येत होता. प्रियदर्शिनीला तो फार आवडला.

हणमंतरावांनी तो उलटसुलट करून पाहिला. "महाग आहे गं. आणि फोनवर पाठवायचा कशाला? तिथं गेला की पुन्हा रंग चढला! साधा घे. कार्ड काढायचं, नामपल्लीला आपला शिवराज आहे ना स्टुडिओवाला, मागचे दोन्ही फोटो फोनवरून त्यानेच पाठवले होते, त्याच्याकडून छापून आणायचं. कागद खोटं बोलत नाही."

तिला पटलं. पेन्शनीत कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाला आणखी खड्ड्यात कशाला घालायचं? तिने साधा, परवडणारा कॅमेरा हातात घेतला. त्यातली चेहरा गुळगुळीत करायची सोय शोधून बंद केली. मग अप्पांचा हात काउंटरवर ठेवायला लावला, शेजारी आपला ठेवला आणि बटण दाबलं. दोन्ही हात एकाच रंगाचे आले, जसे होते तसे.

"हाच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर अप्पांनीच फोटो काढला. आधी बोट आलं, मग डोकं कापलं गेलं. तिला हसू फुटलं आणि नेमका तेव्हाचा फोटो चांगला आला. सावळा चेहरा, हनुवटीवरचा व्रण, हसणारे डोळे. स्वतःचा फोटो तिला पहिल्यांदाच आवडला.

"हाच जाऊ दे, अप्पा."

"अगदी हाच," ते म्हणाले आणि ऊन चढायच्या आत कार्ड घेऊन नामपल्लीला गेलेही.

आले ते चिकटवलेला लिफाफा घेऊनच. स्थळाकडे जायचा लिफाफा घरात उघडायचा नाही, हळदकुंकू लावून देवापुढे ठेवायचा, ही त्यांच्याकडची रीत. कुंकवाचं बोट प्रियदर्शिनीनेच टेकवलं, तेही अगदी मनापासून.

रविवारी विद्यानगरची मंडळी आली. आबासाहेब, सुशीलाबाई आणि त्यांचा सुमित. प्रियदर्शिनी रोजच्या सुती साडीत बाहेर आली. पावडरीचा हातसुद्धा फिरवला नव्हता. ट्रे ठेवून ती समोर ताठ बसली. आज ताडून पाहिलं तरी तिला भीती नव्हती.

सुमितने कोचिंगचं विचारलं. तिने पोरांची एक फजिती सांगितली, तो मोठ्याने हसला. हा माणूस बरा आहे, असं तिच्या मनात येऊन गेलं. हो म्हणायचं, हेही तिने मनात ठरवून टाकलं.

सुशीलाबाई मात्र हसल्या नाहीत. चहा तसाच ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "राग मानू नका, पण फोटोतली ही नाही ना? धाकटी बहीण का?"

"मला बहीण नाही," प्रियदर्शिनी म्हणाली.

आबासाहेब उठले. "कळवतो," म्हणाले. दारात सुमित तिच्यापाशी क्षणभर थांबला. "मला सावळा रंग चालला असता," तो म्हणाला. "हे असं नको होतं."

ती आत धावली. कपाटातून कॅमेरा काढला, एकेक सेटिंग पाहिलं. सगळं बंदच होतं. अप्पांनी परत आणून दिलेल्या कार्डात तिचा फोटो होता तसाच होता. तिला स्वतःचाच राग आला. काहीतरी राहिलं असणार, आपणच कॅमेरा चुकीचा निवडला असणार. अप्पांनी विश्वासाने निवड आपल्यावर सोडली आणि आपण त्यांना तिसऱ्यांदा खाली पाहायला लावलं. त्यांची माफी मागायला ती स्वयंपाकघराकडे वळली.

आत हणमंतराव दबक्या आवाजात कुसुमताईंना सांगत होते, "दर वेळी बजावतो त्या शिवराजला, थोडीशीच उजळव म्हणून. ऐकतच न्हाई लेकाचा."