पहिल्या कलशाचा सवाल

"अण्णा, सवाल तुम्हीच घ्या," श्रद्धा म्हणाली. "आपल्या घरची रीत मोडू नका."

बाबगोंडा पाटील आरशासमोर शर्टाची बटणं लावत होते. त्यांनी लेकीकडं एकदा बघितलं आणि पुन्हा बटणाकडं वळले.

"आणि तुझी फी गं?" तारामतीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"माझं बघू पुढच्या वर्षी, आई. परीक्षा परत देता येती. कलश एकदा दुसऱ्याच्या घरात गेला की परत येत न्हाई."

तारामतीनं पदर डोळ्यांना लावला. अशी पोरगी पोटी यायला पुण्य लागतं, हे ती शेजारणीला सांगणार हे ठरलेलंच होतं. तासाभरात सांगूनही झालं.

निपाणीजवळच्या या गावात बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, भगवंताचा वार्षिक अभिषेक असतो. पहिला कलश कुणी घालायचा ते सवालात ठरतं. जो जास्त बोली लावेल, त्याचा मान. तीन पिढ्या तो मान पाटलांच्या घरातून हलला नव्हता. आजोबांनी बैलजोडी विकून सवाल घेतल्याची गोष्ट गाव अजून सांगतं, आणि दर वर्षी ते बैल थोडे अधिक धिप्पाड होत जातात.

यंदाची अडचण आनंदाची होती. श्रद्धानं बेंगळूरच्या विज्ञान विद्यापीठाची परीक्षा दिली होती. देशभरातून मूठभर पोरं घेतात तिथं. निकाल लागला त्या दिवशी बाबगोंडा पिठाच्या गिरणीच्या कट्ट्यावर चार माणसांत बसले होते. लेक रस्त्यानं येताना दिसली तशी त्यांनी तिथूनच हाक मारली.

"लागला का गं नंबर?"

सगळी माणसं तिच्याकडं बघायला लागली.

"व्हय," श्रद्धा म्हणाली.

बाबगोंडांनी तिला पुढचं काही विचारलंच नाही. पेढे मागवले, गिरणी बंद करायला लावली आणि दळण घेऊन आलेल्या बायकांचीही तोंडं गोड केली.

तेव्हापासून पोरगी सुन्न होती. समाजानं सत्कार केला, शाल पांघरली, तर ती शाल खांद्यावर तशीच ठेवून घरापर्यंत आली. जेवायला बसली की भाकरीचा तुकडा हातातच राहायचा. "आनंद पचायला येळ लागतोय तिला," असं आत्यानं निदान केलं. खरं तर श्रद्धाला रडूही येत नव्हतं आणि हसूही. आत सगळं बधिर झालं होतं, आणि तसंच राहिलं तर बरं, असं तिला वाटायचं.

तंबाखूच्या पिकाचे पैसे हातात आले होते, ते एकदाच खर्च होणार होते. देवाचं असो की लेकीचं, कर्ज काढून करायचं नाही, हा बाबगोंडांचा जुना हट्ट. फी भरायची शेवटची तारीख श्रद्धानंच सांगितली होती. ती नेमकी सवालाच्या दुसऱ्या दिवशी येत होती. म्हणजे एक तर कलश, नाही तर बेंगळूर.

बस्तीच्या मंडपात बायका डावीकडं बसल्या होत्या. श्रद्धा आईला चिकटून बसली. तिची नजर अण्णांच्या उजव्या हातावर होती. तो हात मांडीवर होता.

उपाध्यांनी सवाल पुकारला. पहिली बोली गोमटेशनं लावली. निपाणीत त्याचं खताचं दुकान होतं आणि या कलशावर त्याचा बऱ्याच वर्षांपासून डोळा होता. मग मागच्या एकानं आकडा वाढवला, गोमटेशनं आणखी वाढवला. पाटील दर वर्षी अगदी शेवटी हात वर करून बोली लावत, म्हणून कुणालाच घाई नव्हती.

अखेर सगळ्या माना बाबगोंडांकडं वळल्या.

त्यांची बोटं हलली.  श्रद्धानं आईचा हात घट्ट धरला.

"भिऊ नको," तारामती तिच्या कानात म्हणाली. "न्हाई हात वर करायचे ते."

"एक वार," उपाध्ये म्हणाले, आणि कन्नडमध्येही पुकारलं, "ओंद सल!"

हात हलला नाही.

"दोन वार! एरड सल!"

श्रद्धानं डोळे मिटून घेतले. ओठांतल्या ओठांत णमोकार मंत्र सुरू केला, पण तिला पुढची ओळ आठवेना.

"तीन वार! मूर सल!"

कलश गोमटेशचा झाला.  मग बाबगोंडा उठले आणि त्यांनी हात जोडले.

"गोमटेश, चांगलं झालं. औंदा आमचा कलश बेंगळूरला चाललाय."

एवढ्या टाळ्या त्या मंडपात कधी वाजल्या नव्हत्या. म्हाताऱ्यांनी बाबगोंडांची पाठ थोपटली. आत्यानं श्रद्धाच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. तारामती तर उघडउघड रडत होती.

बाबगोंडा वाट काढत लेकीपाशी आले. त्यांचे डोळे भरलेले तिनं पहिल्यांदाच बघितले.

"आजोबांनी देवासाठी बैल इकलं," ते म्हणाले. "मी काय इकलं न्हाई. निस्ता हात खाली ठेवला. त्यात लई मोठं काय केलं न्हाई गं."

"अण्णा..."

"काय बोलू नको. बॅग भर. उद्या सकाळच्या गाडीनं दोघं जाऊ. तुझी फी मी माझ्या हातानं भरणार. तुझ्या सरांना भेटणार, तू बसायची ती जागा बघणार. मगच माघारी फिरणार."

श्रद्धा वाकून त्यांच्या पाया पडली. तिला उठवेना. बायकांनी दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. पोरगी हळवी आहे, असं सगळे कौतुकानं म्हणाले.

अण्णा कलश कधीच सोडणार नाहीत, एवढ्या एका भरवशावर ती इतके दिवस गप्प राहिली होती. बेंगळूरला तिचा नंबर लागलाच नव्हता.